मागायच्या आधी

शैलाताई कांबळे माणसाला शिंक यायच्या आधी टिश्यू देतात. मी वाढवून सांगत नाहीये, आमच्या डिपार्टमेंटमध्ये कोणालाही विचारा. तुम्ही नुसतं नाक जरा वर केलंत, डोळे अर्धवट मिटलेत, की टिश्यू समोर हजर. मग शिंक आली नाही तर आपल्यालाच ओशाळल्यासारखं होतं. आमचा मॅनेजर गॅरेथ तर अशा वेळी खोटी शिंक काढतो. दिलेला टिश्यू परत करायची त्याची हिंमत नाही.

आम्ही दोघी वेल्समधल्या एका लहान गावातल्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहोत. त्या सीनियर, मी अजून नवखीच. ऑपरेशन झालेल्या म्हाताऱ्यांना उभं करायचं, चालवायचं, जिन्याच्या दोन पायऱ्या चढवून उतरवायच्या, हे आमचं काम. या कामात शैलाताईंचा हात धरणारं कोणी नाही. पण गावात त्या प्रसिद्ध आहेत त्या वेगळ्याच कारणाने. त्यांना परिषदांचं वेड आहे.

आता परिषद म्हटल्यावर तुम्हाला वाटेल गुडघ्यांवरची, मणक्यांवरची. तसलं काही नाही. आमच्या भागात घराघरांत वेल्श बोलतात. इंग्लिश सगळ्यांना येतं, पण खुबा मोडून कॉटवर पडलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला कळ येते ती वेल्शमध्येच. म्हणून हॉस्पिटलात, कौन्सिलात, बँकेत, कामाच्या जागी वेल्श भाषा कशी टिकवायची, कशी वापरायची यावर इथे परिषदा भरतात. पिंपरीत वाढलेल्या शैलाताई त्यातली एकही चुकवत नाहीत. निळी साडी, तिच्यावर जाड स्वेटर, खांद्याला मागच्या परिषदेत मिळालेली कापडी पिशवी आणि पिशवीत लसणाच्या चटणीची बरणी, असा त्यांचा थाट असतो. तिथल्या सँडविचला चव नसते हे गृहीत धरून ती चटणी त्या अख्ख्या टेबलावर फिरवतात. कौन्सिलातले एक मोठे भाषा अधिकारी आता परिषदेला आले की आधी चटणी आली आहे का ते बघतात आणि मग नाव नोंदवतात.

या परिषदांत एक तत्त्व शिकवतात. आजारी माणसाला ‘मला माझ्या भाषेत बोलायचंय हो’ असं मागायला लावू नका. त्याने मागायच्या आधी तुम्हीच विचारा. याला ते ‘अ‍ॅक्टिव्ह ऑफर’ म्हणतात. बाकीचे लोक हे ऐकून मान डोलावतात आणि जेवायला जातात. शैलाताईंनी ते आयुष्याला लावून घेतलं.

“मागायच्या आधी गं, अनु,” त्या मला सांगतात. “माणसाला तोंड वेंगाडायला लावलं, मग दिलं काय आणि न दिलं काय.”

ऐकायला छान वाटतं. शेजाऱ्यांना विचारून बघा. शैलाताईंच्या शेजारी एक आजोबा राहतात. त्यांच्या कुंपणाची झाडी फार वाढलेली बघून यांनी एका शनिवारी, आजोबा गावाला गेलेले असताना, ती भादरून सपाट करून दिली. आजोबा ती झाडी दोन वर्षं खपून वाढवत होते. त्यांना ती छाटून तिचा मोर करायचा होता. एका ख्रिसमसला शैलाताईंनी डिपार्टमेंटमधल्या तिघींना परस्पर सांगून टाकलं की तुझी ड्युटी मी करते. तिघींची ड्युटी एकाच वेळेची होती. तिघी निवांत घरी बसल्या आणि गॅरेथ टर्कीचं ताट तसंच टाकून वॉर्डात धावत आला. त्याला दारातच टिश्यू मिळाला.

दुसऱ्याला असं न मागता देणाऱ्या या बाई स्वतः मात्र कोणाकडून कपभर चहासुद्धा घेत नाहीत. “तुम्हाला काही हवंय का?” विचारलं की उत्तर ठरलेलं. “काही नको गं. ऑल गुड. आपली कसली तक्रार नाही.” एकदा ऐन जानेवारीत त्यांच्या घरचं हीटिंग बंद पडलं होतं. आम्हाला कळलं कसं, तर त्या हातमोजे घालून फोनवर टाइप करायच्या आणि त्यांचे मेसेज वाचता यायचे नाहीत. कँटीनमध्ये एकदा बेदाणे घातलेली, गुळमट, पिवळी करी होती. मी एका घासात ताट सरकवलं. शैलाताईंनी ती शेवटपर्यंत खाल्ली आणि वाढणाऱ्या बाईंना वेल्शमध्ये ‘दिओल्ख’ म्हणजे थँक यू म्हटलं. मी तोंडाकडे बघत राहिले तर म्हणाल्या, “कसली तक्रार करायची? गरम होती.”

त्यांची माझी ओळख झाली ती त्यांच्या बिल्ल्यामुळे. इथे ज्यांना वेल्श येतं ते गळ्यातल्या पट्ट्याला एक नारिंगी बिल्ला लावतात, म्हणजे पेशंटला न विचारताच कळतं की याच्याशी आपल्या भाषेत बोललं तरी चालेल. शैलाताईंचा शिकाऊचा बिल्ला आहे. पण त्याच्या खाली त्यांनी आणखी एक लटकवलाय, घरी केलेला. पांढऱ्या कार्डावर काळ्या मार्करने ठळक लिहिलंय, ‘मराठी’, आणि वरून ऑफिसातल्या मशीनवर लॅमिनेशन. आमच्या एका सर्जनसाहेबांना ते चित्र वाटलं होतं, दोरीवर कपडे वाळत घातल्याचं. अख्ख्या हॉस्पिटलात तो बिल्ला वाचू शकणारं कोणी नव्हतं. तरी बाई रोज तो पुसून गळ्यात घालायच्या.

मग मी आले. ब्रिस्टलमधली बऱ्यापैकी गजबजलेली नोकरी सोडून या गावात आले, ओल आलेली एक खोली घेतली आणि पहिल्याच आठवड्यात रडकुंडीला आले. कोणाशी भांडण नव्हतं, कोणी वाईट वागत नव्हतं. फक्त फोन सोडला तर माझ्या तोंडून मराठी शब्द निघाला नव्हता. एका दुपारी कॉरिडॉरमध्ये समोरून, तोवर रजेवर असलेली, एक ठेंगणी बाई आली आणि तिच्या पोटावर मला ‘मराठी’ अशी अक्षरं दिसली. मी जागच्या जागी थांबले.

“जेवलीस का?” बाईंनी विचारलं.

मी रडायला लागले. टिश्यू आधीच समोर आला होता. त्या दिवसापासून माझं या गावात बरं चाललंय. त्याचं श्रेय मी दुसऱ्या कोणाला देऊ शकत नाही.

“पण शैलाताई,” मी एकदा विचारलं, “मी यायच्या आधी हा बिल्ला कोण वाचणार होतं?”

“ज्याला वाचता येईल तो,” त्या म्हणाल्या आणि लगेच मला खजूर दिला. विषय बदलायचा असला की त्या खायला देतात.

परिषदांना त्यांना घेऊन जायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. गाडी मीच चालवते, कारण शैलाताई चालवायला बसल्या तर आडव्या रस्त्याने येणाऱ्या प्रत्येक गाडीला मागायच्या आधी वाट देतात. आपण तिथल्या तिथे राहतो आणि मागे रांग लागते.

परिषदेत कसं असतं ते सांगते. व्यासपीठावरचा माणूस वेल्शमध्ये बोलतो. हॉलच्या मागे एक काचेची खोली असते. तिच्यात बसलेली दुभाषी बाई ऐकता ऐकता ते इंग्लिशमध्ये सांगत जाते आणि ज्यांना वेल्श येत नाही त्यांना ते हेडफोनमधून ऐकू येतं. हेडफोन दारातच टेबलावर मांडलेले असतात. मी आत शिरल्या शिरल्या एक उचलते आणि मागच्या रांगेत जाऊन बसते. शैलाताई त्या टेबलाकडे ढुंकूनही बघत नाहीत.

“कुबड्या आहेत त्या,” त्या म्हणतात. “पेशंटला कुबडी दिली की परत कोण आणून देतं? आपल्या स्टोअरमध्ये बघ, किती परत आल्यात.”

मग त्या पहिल्या रांगेत मधोमध बसतात आणि कानात प्राण आणून ऐकतात. त्यामुळे वक्त्याने विनोद केला की हॉलमध्ये हसण्याच्या तीन लाटा येतात. पहिली वेल्श येणाऱ्यांची. मग दुभाषीचं वाक्य पूर्ण झालं की आम्हा हेडफोनवाल्यांची. आणि मग सगळं शांत झाल्यावर, मनातल्या मनात भाषांतर पुरं करून, एकट्या शैलाताईंची. एकदा त्यांचं हसू पोचलं तोवर वक्ता बदलला होता आणि नव्या बाई आपल्या दिवंगत सहकाऱ्याला श्रद्धांजली वाहत होत्या. शैलाताईंनी त्या हसण्याचा मोठ्या शिताफीने खोकला केला आणि स्वतःच स्वतःला टिश्यू दिला.

वेल्श त्यांनी सुरू केलं ते रस्त्यावरून. इथे वळणांच्या आधी डांबरावर पांढऱ्या अक्षरांत ‘सावकाश’ असं दोन्ही भाषांत रंगवलेलं असतं. वेल्शमध्ये त्याला ‘अराव’ म्हणतात. बसच्या खिडकीतून तो शब्द रोज दिसायचा, तो त्यांनी उचलला आणि पेशंटांवर चालवला. कोणी वॉकर धरून घाईने पाऊल टाकलं की या शेजारून, “अराव, अराव.” त्या एका शब्दावर त्यांनी किती माणसं चालती केली असतील ते सांगता यायचं नाही. पुढे संध्याकाळचे वर्ग झाले, परीक्षा झाली, पण त्यांची खरी भाषा वॉर्डातच वाढली.

आणि त्यांना एकच हवं होतं. अशा एका परिषदेत दहा मिनिटं बोलायला मिळावं.

दर वर्षी त्या आयोजकांना विचारायच्या. ही एक गोष्ट त्या मागत होत्या. आयोजक भली माणसं, म्हणायची, जरूर बोला, पण इंग्लिशमध्ये बोला, तुम्हाला सोपं जाईल. शैलाताई म्हणायच्या, उभी राहीन तर कुबडीशिवाय. त्यात ते राहून जायचं. शेवटी या वर्षी आयोजकांनी हो म्हटलं. अ‍ॅबरिस्टविथला, समुद्रासमोरच्या एका हॉटेलात, जेवणाच्या सुट्टीआधीची दहा मिनिटं.

“काय सांगणार आहात?” मी विचारलं.

“एकच. हॉस्पिटलात माणूस आला की पहिला प्रश्न भाषेचा विचारा. वेल्श असू दे, पोलिश असू दे, कुठली का असेना. नाव-पत्त्याच्या आधी.” मग जरा थांबून म्हणाल्या, “आणि अनु, मी तिथे फसले ना, तर ते गेलं. लोक म्हणतील, गोड बाई आहे, हौशी आहे. हौशी बाईचं कोण ऐकतं गं?”

त्या आवाजात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं. मी गाडीत येता-जाता त्यांचं भाषण पाठ करून घेतलं. मला त्यातलं अर्धंही कळत नव्हतं, पण कुठे अडखळतात ते मला ऐकून ऐकून कळायला लागलं होतं. एक जागा हमखास होती. ‘माझ्या घरातही मी हे पाहिलंय’ अशा अर्थाचं एक छोटं वाक्य होतं. तिथे त्या दर वेळी एक श्वास जास्त घ्यायच्या.

त्या दिवशी त्या व्यासपीठावर चढल्या तेव्हा माइक त्यांच्या कपाळापर्यंत येत होता. कोणीतरी तो खाली केला. “बोरे दा,” म्हणजे गुड मॉर्निंग, त्या म्हणाल्या आणि अख्ख्या हॉलने “बोरे दा” म्हटलं. सुरुवात झकास झाली. ‘अराव’ची गोष्ट सांगितली, तेव्हा पहिली लाट आली, दुसरी लाट आली, आणि मला वाटलं, आज तिसरी लाट नाही, कारण ती बाई आज स्टेजवर आहे. मी मागच्या रांगेत हेडफोन लावून बसले होते. कानात एलेरीचा आवाज येत होता. एलेरी म्हणजे या परिषदांतली नेहमीची दुभाषी, शांत, एका लयीत बोलणारी.

मग ते वाक्य आलं. माझ्या घरातही मी हे पाहिलंय. शैलाताईंनी श्वास घेतला, कागदावरून नजर उचलली, आणि कागद सोडून बोलायला लागल्या. एक वाक्य वेल्शमध्ये झालं. दुसरं अर्धं झालं. आणि माझ्या कानातली एलेरी गप्प झाली.

माझ्या शेजारच्या माणसाने हेडफोनवर टिचकी मारली. पुढच्याने आवाजाचं बटण फिरवलं. एक बाई बॅटरी काढून बघायला लागल्या. वेल्श येणारे मात्र भुवया आकसून ऐकत होते. माझ्या पुढच्या रांगेत दक्षिणेकडची दोघं होती. त्यांतला एक दुसऱ्याच्या कानाशी लागून म्हणाला, “इज शी फ्रॉम द नॉर्थ?” उत्तरेकडचं वेल्श दक्षिणेकडच्यांना कळत नाही, असं इथे सगळेच चेष्टेने म्हणतात.

मी हेडफोन काढला. शैलाताई मराठीत बोलत होत्या.

त्यांना पत्ताच नव्हता. वेल्श शब्द सापडेना तेव्हा इंग्लिश घ्यायचं नाही एवढं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. मग आतून जे आलं ते आलं. “आमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई,” त्या स्पष्ट, सावकाश, वॉर्डातल्या आवाजात सांगत होत्या, “साठीनंतर इंग्लंडात आमच्याकडे राहायला आल्या.”

काचेच्या मागून एलेरीने माझ्याकडे बघून दोन्ही हात पसरले. शैलाताईंच्या बरोबर नेहमी येणारी ती मीच, हे तिला ठाऊक होतं. मी उठून त्या खोलीत शिरले. तिने आपली खुर्ची दिली, माइक माझ्यापुढे ओढला आणि कुजबुजत एकच सांगितलं, “डोन्ट से ‘शी’. से ‘आय’.” दुभाषीचा तो नियमच असतो. बोलणारा ‘मी’ म्हणाला की तुम्हीही ‘मी’च म्हणायचं.

माझं अजून लग्न झालेलं नाही. आणि मी त्या काचेच्या खोलीत बसून, शंभरएक माणसांच्या कानात, माझ्या सासूबद्दल बोलायला लागले.

“आईंना दोनच इंग्लिश शब्द यायचे,” शैलाताई म्हणत होत्या आणि मी इंग्लिशमध्ये म्हणत होते. “थँक यू आणि बाय बाय. पण मराठीत सकाळी डोळे उघडल्यापासून तक्रार. चहा पाणचट, पोळी जाड, सून उशिरा येते, तुमच्या या देशातलं ऊन खोटं. मी मनात म्हणायचे, एक दिवस ही बाई गप्प बसली तर पेढे वाटीन.”

हेडफोनवाले हसले. फक्त हेडफोनवाले. वेल्श येणाऱ्या माणसांनी चमकून मागे बघितलं. परिषदांच्या त्या दुनियेत पहिल्यांदाच मागच्या रांगा आधी हसल्या होत्या. मग मधल्या रांगेतला एक माणूस उठला, वाकून दाराशी गेला आणि टेबलावरचा एक हेडफोन घेऊन जागेवर आला. त्याच्या मागे दोघी गेल्या. मग ते चटणीवाले अधिकारी. जन्मापासून वेल्श बोलणारी माणसं कुबड्या घ्यायला रांगेत उभी राहिली. शैलाताईंनी त्यांना उठताना पाहिलं, त्यांचा चेहरा क्षणभर पडला, पण त्या बोलत राहिल्या.

“मग आई हॉस्पिटलात अ‍ॅडमिट झाल्या. माझी ड्युटी दुसऱ्या हॉस्पिटलात, मी संध्याकाळी जायचे. नर्स म्हणायची, शी इज लव्हली, व्हेरी क्वाएट, नो कम्प्लेंट्स. माझी सासू, आणि नो कम्प्लेंट्स! मी हसले. नवऱ्याला म्हटलं, बघा, आईंना शेवटी इंग्लंड मानवलं.”

या वेळी कोणी हसलं नाही.

“त्यांना दिवसभर कळ यायची. कोणी काही विचारलं की त्या थँक यू म्हणायच्या. तेवढंच येत होतं. मी पोचेपर्यंत थकून झोपलेल्या असायच्या. आणि ज्या दिवशी त्या गेल्या, त्या दिवशी मी कॉरिडॉरमध्ये उभी राहून घरी फोन करत होते. औषधांची ट्रॉली घेऊन एक मुलगी चालली होती. फार्मसीतली. ती थांबली. म्हणाली, तुम्ही मराठी? ती बारामतीची होती. रोज त्या ट्रॉलीबरोबर आईंच्या कॉटशेजारून जायची. रोज. तिचा दोष नाही, आईंचाही नाही. दोघींच्या अंगावर कुठे लिहिलेलं नव्हतं.”

‘मी’ म्हणून हे सगळं बोलताना माझा आवाज फुटला. एलेरीने माझ्या खांद्यावर हात ठेवला. स्टेजवर शैलाताईंचा हात मात्र नकळत गळ्यातल्या बिल्ल्याकडे गेला, आणि तो कशासाठी आहे ते मला तेव्हा कळलं. मग त्यांनी कागदाकडे पाहिलं, आपली ओळ शोधली आणि शेवटचा परिच्छेद खणखणीत वेल्शमध्ये म्हटला. पहिला प्रश्न भाषेचा विचारा. मी माइक एलेरीकडे सरकवला. तिचीही लय त्या दिवशी बिघडलेली होती.

टाळ्या बराच वेळ चालल्या. अध्यक्षबाईंनी शैलाताईंचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या की हा पहिला प्रश्न मला लिहून द्या, मी तो पुढे नेणार आहे. आणि पुढच्या वर्षी तुम्हाला अर्धा तास. शैलाताईंनी तो अर्धा तास मागितला नव्हता.

परतीच्या वाटेवर त्या खुशीत होत्या. मी त्यांना खरं काय झालं ते सांगणार होते, पण जीभ उचलत नव्हती. डोंगर सुरू झाले तेव्हा त्यांनी स्वतःच विचारलं.

“अनु, ते लोक मध्येच हेडफोन का घ्यायला गेले गं? माझं वेल्श इतकं वाईट होतं?”

“शैलाताई, तुम्ही आईंबद्दल बोललात ना, ते मराठीत बोललात.”

“सगळं?”

“सगळं.”

“मग त्यांना कळलं कसं?”

“मी होते ना मागे.”

त्यानंतर त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. मला खजूर दिला नाही, टिश्यू दिला नाही. वळणावर ‘अराव’सुद्धा म्हणाल्या नाहीत. एवढ्या रस्त्यात त्यांनी मला काहीच दिलं नाही असं पहिल्यांदाच झालं. मला भीती वाटायला लागली.

पुढे रस्त्याच्या कडेला एक चहाची व्हॅन उभी असते, ट्रकवाले थांबतात ती. मी गाडी बाजूला घेतली, उतरले, मोठ्या कपात चहा घेतला, त्यांना लागते तशी दोन चमचे साखर घातली आणि खिडकीतून त्यांच्या हातात दिला.

“मी मागितला नव्हता,” त्या म्हणाल्या.

“माहितीये.”

त्यांनी कप दोन्ही हातांत धरला. आता नको म्हणतील, ऑल गुड म्हणतील, म्हणून मी वाट बघत होते. त्यांनी एक घोट घेतला. तोंड वाकडं केलं.

“पाणचट आहे,” शैलाताई म्हणाल्या.

मी गाडी सुरू केली.

“चहा म्हणतात याला? आणि ते सँडविच खाल्लंस का? बर्फ नुसता. आणि माइक. बुटक्या बायका बोलत नाहीत का कधी? आधी खाली करून ठेवता येत नाही? अध्यक्षबाई किती भरभर बोलते गं, जीव जातो माझा ऐकताना. मी पहिल्या रांगेत बसते ना, मान दुखते. रोज रात्री दुखते. आणि तू तिसऱ्या गिअरमध्ये का चालवतेस?”

मी गिअर बदलला.

“माझा रोहन रविवारी फोन करतो नॉटिंगहॅमहून. ‘हाय मम, यू ओके?’ मी म्हणते येस. तो म्हणतो गुड. झालं. मराठीत बोल म्हटलं की ‘मी ऑफिसला जाती आहे’ असं काहीतरी बोलतो आणि मग लाजतो. मग मीच सोडून देते. त्याचे बाबा गेले तेव्हापासून घरात माझा आवाज मलाच ऐकू येतो. त्याला काय सांगू? मी सांगते, नो कम्प्लेंट्स.”

एवढं बोलून त्या एकदम थांबल्या. आपण काय म्हणालो ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं.

“आज मी आईंसारखी बोलतीये का गं?” त्यांनी विचारलं.

“हो,” मी म्हटलं. “बोला. रस्ता अजून बराच आहे.”

आणि त्या बोलल्या. हीटिंगबद्दल, पिवळ्या करीबद्दल, तीन ड्युट्यांच्या ख्रिसमसबद्दल, शेजारच्या आजोबांबद्दल, ज्यांनी मोराचं काही आधी सांगितलं असतं तर. अशा तक्रारी मी माझ्या आजीनंतर ऐकल्या नव्हत्या. मी एकही वाक्य तोडलं नाही. या बाईने मला ज्या दिवशी कॉरिडॉरमध्ये ‘जेवलीस का’ विचारलं होतं, त्या दिवसापासून तिला काय द्यावं हे मला सुचत नव्हतं, आणि तिला हवं होतं ते इतकं साधं होतं.

त्यांच्या घरापाशी मी गाडी थांबवली. त्या उतरल्या, पिशवी घेतली, चटणीच्या बरणीत काही उरलंय का ते हलवून पाहिलं. दार लावून चार पावलं गेल्या आणि परत आल्या. मी काच खाली केली.

“अजून थोड्या राहिल्यात,” शैलाताई म्हणाल्या. “उद्या ये.”